अॅम्प आणि स्पीकरची जोडी कशी जमवायची? गोव्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पीकर घेताना माणूस महिनोन्महिने विचार करतो, आणि अॅम्प (अॅम्प्लिफायर, स्पीकरला ताकद देणारा डबा) मात्र "बजेटमधे जे उरलं त्यात बसला तो" असा घेतो. मग म्हापसा, फोंडा, डिचोली, मडगाव कुठूनही फोन आला तरी प्रश्न तेच असतात. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. माझं म्हणणं थोडक्यात असं की स्पीकर खोली बघून घ्यायचे, अॅम्प स्पीकर बघून घ्यायचा, आणि वॉटचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा.

किती वॉटचा अॅम्प घेऊ, एवढंच सांगा ना?

हिशोब सोपा आहे, एकदा समजून घेतला की कोणाला विचारायची गरज पडत नाही. तीन गोष्टी लागतात, स्पीकरची सेन्सिटिव्हिटी किती, तुम्ही किती लांब बसता आणि किती मोठ्याने ऐकता.

समजा स्पीकर ८६ डीबीचा (डेसिबल, आवाजाचं माप) आहे, म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर ८६ डीबी आवाज, हीच त्याची सेन्सिटिव्हिटी. तुम्ही बसता दहा फुटांवर, म्हणजे साधारण ३ मीटर. उघड्या मैदानात तेवढ्या अंतरावर साडेनऊ डीबी कमी झाले असते, पण खोलीत भिंती आवाज परत पाठवतात म्हणून तितका कमी होत नाही, वर स्पीकर दोन आहेत त्याचे ३ डीबी वाढतात. सगळं धरून खुर्चीवर ८० ते ८२ डीबी मिळतात, तेही एकेका स्पीकरला फक्त १ वॉट देऊन! आणि ८० डीबी म्हणजे घरात बऱ्यापैकी मोठा आवाज, त्यात गप्पा मारायच्या तर आवाज चढवावा लागतो.

मग १०० वॉट कशाला? कारण संगीत सपाट नसतं. तबल्यावर थाप पडते, घुमटावर हात पडतो तेव्हा त्या क्षणाला आवाज सरासरीच्या १५-२० डीबी वर जातो. १० डीबी वाढवायला पॉवर १० पट लागते, १५ डीबीला ३२ पट, २० डीबीला १०० पट. म्हणजे या ८६ डीबीच्या स्पीकरला ३० ते १०० वॉट. तोच स्पीकर ९२ डीबीचा असता तर ८ ते २५ वॉटमधे काम झालं असतं, ९६ चा असता तर ३ ते १०. दर ३ डीबीला पॉवर दुप्पट किंवा अर्धी, एवढं लक्षात ठेवलं की बाकी तोंडी जमतं.

आपल्याकडची एक गोष्ट या हिशोबात धरायला लोक विसरतात, ती म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर कौलांवर किंवा पत्र्यावर धो धो चालू असतो, वर सिलिंग फॅन, आपण नकळत व्हॉल्यूम चढवतो. तो ६ डीबी चढवला की अॅम्पकडे चौपट पॉवर मागितली. म्हणून इथे हिशोबापेक्षा थोडा जास्तच दमाचा अॅम्प घ्या असं मी सांगतो.

सेन्सिटिव्हिटीचे आकडे सगळ्या कंपन्यांचे सारखेच धरायचे का?

नाही, जपून. बहुतेक कंपन्या २.८३ व्होल्ट देऊन १ मीटरवर मोजतात. ओहम म्हणजे स्पीकर करंटला करतो त्या विरोधाचं माप. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॉट, पण ४ ओहमच्या स्पीकरला तेच २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट झाले. म्हणजे ४ ओहमचा ८८ डीबीवाला स्पीकर वॉटच्या भाषेत ८५ चाच आहे. हे कॅटलॉगमधे कोणी मोठ्या अक्षरात लिहीत नाही.

डब्यावर ८ ओहम लिहिलंय, अॅम्पही ८ ओहमचा आहे, मग मॅच झालं ना?

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, त्यामुळे हे सावकाश वाचा.

स्पीकरचा इम्पीडन्स (तोच ओहममधला विरोध) हा एकच आकडा नसतो, तो प्रत्येक फ्रिक्वेन्सीला बदलतो. डब्यावरचा आकडा नुसता नावापुरता. एकच स्पीकर वूफरच्या (बेसच्या मोठ्या कोनच्या) रेझोनन्सला, म्हणजे ज्या सुराला तो आपोआप जास्त हलतो तिथे, २५-३० ओहम दाखवतो आणि त्याच्या जरा वर, बेस आणि मिडच्या मधे, ३-४ ओहमवर येतो. बी अँड डब्ल्यू ८०२ डी४ चं घ्या, कंपनी स्वतः लिहिते ८ ओहम, आणि पुढे बारीक अक्षरात किमान ३ ओहम. केईएफ एलएस५० मेटा एवढासा स्पीकर, ८ ओहम म्हणतात, किमान ३.५. मॅग्नेपॅनचे पॅनल (कोनऐवजी पातळ पडद्याचे सपाट स्पीकर) सरळ ४ ओहमचे आहेत आणि सेन्सिटिव्हिटीही कमी. आणि जुन्या काळातला अपोजी सिंटिला तर १ ओहमपर्यंत जायचा, त्यावर भले भले अॅम्प बंद पडायचे.

आता अॅम्पच्या बाजूने बघा. १०० वॉट ८ ओहमला म्हणजे २८.३ व्होल्ट आणि साडेतीन अँपिअर. तेच २८.३ व्होल्ट ३ ओहमवर आले की करंट साडेनऊ अँपिअरच्या जवळ जातो. अॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरला आणि आउटपुट ट्रान्झिस्टरला तेवढा करंट द्यायची ताकद असेल तर ठीक, नसेल तर बेस ढिला पडतो, मोठ्या आवाजाला सगळं कर्कश वाटायला लागतं, अॅम्प तापतो, प्रोटेक्शनमधे जातो म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. लोक म्हणतात स्पीकरमधे दम नाही, स्पीकर बिचारा बरोबर असतो.

आणि इम्पीडन्सबरोबर फेज अँगलही (व्होल्टेज आणि करंट एकमेकांच्या किती मागेपुढे चालतात ते) बघायचा. जिथे इम्पीडन्स कमी आहे तिथेच फेज मायनस ४०-५० डिग्री असेल तर अॅम्पच्या ट्रान्झिस्टरवर त्याहून जड लोडसारखा ताण येतो. म्हणून साधा ४ ओहमचा पण सपाट कर्व्हचा स्पीकर चालवायला सोपा असू शकतो आणि ८ ओहम लिहिलेला वाकडा स्पीकर अवघड. हा कर्व्ह कॅटलॉगमधे क्वचितच असतो, पण स्टिरिओफाइलसारख्या मासिकाच्या परीक्षणात मापं छापलेली असतात, घ्यायच्या आधी तो आलेख शोधून बघाच. पाच मिनिटांचं काम आहे आणि लाखाचा प्रश्न आहे.

मग अॅम्पच्या कागदावर नेमकं काय वाचायचं?

८ ओहम आणि ४ ओहम दोन्हीचे वॉट बघा. ८ ला १०० आणि ४ ला २०० किंवा जवळपास असेल तर पॉवर सप्लाय मजबूत आहे. ८ ला १०० आणि ४ ला १२० असेल, किंवा ४ ओहमचा आकडाच दिला नसेल, तर अवघड स्पीकरच्या वाटेला जाऊ नका. ते वॉट कसे मोजले तेही बघा, दोन्ही चॅनल एकदम चालवून, २० ते २०,००० हर्ट्झ, कमी डिस्टॉर्शनला (आवाज बिघडण्याचं प्रमाण) मोजले असतील तर खरे. एकच चॅनल, फक्त १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन असं असेल तर त्या १५० वॉटवर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत याच फसवणुकीमुळे एफटीसीने (तिथली व्यापार आणि ग्राहकहित बघणारी सरकारी संस्था) १९७४ मधे अॅम्पच्या वॉटसाठी नियम केला. आपल्याकडे पीएमपीओचे (क्षणभराच्या पॉवरचा फुगवलेला आकडा) हजार-दोन हजार वॉटवाले डबे कित्येक घरांत येऊन गेले, त्या आकड्याला काही अर्थ नव्हता.

वजनही उचलून बघा. क्लास एबी (नेहमीच्या पद्धतीचा, या प्रकारांबद्दल पुढे लिहिलंय) अॅम्प असेल तर मोठा ट्रान्सफॉर्मर म्हणजे वजन हे बऱ्यापैकी खरं ठरतं. क्लास डीला हा नियम लागू नाही.

घरी एव्ही रिसीव्हर आहे, त्यावर चांगले स्पीकर चालतील का?

एव्ही रिसीव्हर म्हणजे सिनेमासाठी अनेक स्पीकर चालवणारा एकत्र अॅम्प. त्यावर चालतात, सोपा स्पीकर असेल तर. ८८-९० डीबी, किमान ५-६ ओहम, मध्यम खोली, काही अडचण नाही. पण सात चॅनलला मिळून एकच सप्लाय असतो आणि ३ ओहमचे स्पीकर तो जोरात चालवू शकत नाही. रिसीव्हरला प्री-आउट (बाहेरच्या अॅम्पला सिग्नल द्यायचं सॉकेट) असेल तर तो काढून टाकू नका, स्टिरिओसाठी वेगळा पॉवर अॅम्प जोडा, सिनेमाही बघता येतो आणि गाणंही नीट होतं. मागे जो ४ ओहम / ८ ओहमचा स्विच किंवा मेनू असतो तो बहुतेक रिसीव्हरमधे आतला व्होल्टेज कमी करतो, म्हणजे पॉवर कमी होते आणि अॅम्प कमी तापतो एवढंच, त्याने करंट वाढत नाही.

१०० वॉटच्या स्पीकरला २०० वॉटचा अॅम्प लावला तर जळेल का हो काका?

व्हॉल्यूम तुमच्या हातात आहे. स्पीकर बऱ्याचदा जळतात ते कमी ताकदीच्या अॅम्पला पिळून काढल्यामुळे, वाढदिवसाच्या पार्टीला, कोणीतरी नॉब फिरवतो तेव्हा. अॅम्पची मर्यादा संपली की लहरीचं टोक सपाट कापलं जातं, त्याला क्लिपिंग म्हणतात. त्यात वरच्या फ्रिक्वेन्सीची एनर्जी वाढते आणि सरासरी पॉवरही वाढते, नाजूक ट्वीटरची (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) कॉइल आधी जाते. आवाज फाटायला लागला की कमी करा, अॅम्प ५० चा असो की ५०० चा.

पण काही स्पीकरना खरंच मर्यादा असते. १९५७ चा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक (हाय व्होल्टेजच्या पातळ पडद्याने वाजणारा स्पीकर) अजून काही शौकिनांकडे आहे, त्याला जास्त व्होल्टेज दिला तर आत स्पार्किंग होऊन पॅनल जातं, आणि त्याचा इम्पीडन्स वरच्या सुरांना २ ओहमच्या आसपास येतो. तिथे मोठा अॅम्प लावायचा विचारच करू नका. बीबीसीचा एलएस३/५ए देखील असाच, जुना १५ ओहमचा आणि नंतरचा ११ ओहमचा, सेन्सिटिव्हिटी जेमतेम ८२-८३. चालवायला सोपा आहे, करंट फार मागत नाही, पण छोट्या वूफरकडून ढोल वाजवून घ्यायची अपेक्षा धरू नये. त्याला ३०-५० वॉटचा चांगला अॅम्प, जवळ बसून ऐकायचं, आणि मग माणसाचा गळा जसा येतो तसा फार कमी स्पीकरमधे येतो.

ट्यूब अॅम्प घ्यायची फार इच्छा आहे. घेऊ?

ट्यूब अॅम्प म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अॅम्प. घ्या, पण स्पीकर त्याच्याजोगा असला पाहिजे. ३००बी ट्यूबचा सिंगल एंडेड (चॅनलला एकच ट्यूब पूर्ण लहर सांभाळते असा) अॅम्प साधारण ८ वॉट देतो, त्याला ९४-९६ डीबीच्या वरचे स्पीकर लागतात, क्लिप्शचे हॉर्न किंवा डेव्होरचा ओ/९६ अशा जातीचे. ईएल३४ चा पुश-पुल (दोन ट्यूब लहर वाटून घेतात असा) ३५-४० वॉट देतो, त्यात बरेच स्पीकर बसतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ट्यूब अॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स (अॅम्पचा स्वतःचा आतला विरोध) जास्त असतो, समजा २ ओहम. स्पीकर एका जागी ४ ओहम आणि दुसऱ्या जागी २५ ओहम असेल तर ४ वाल्या जागी आवाज साडेतीन डीबी पडतो आणि २५ वाल्या जागी एक डीबीसुद्धा पडत नाही. म्हणजे स्पीकरचा टोनच जवळजवळ ३ डीबीने बदलला! कोणाला तो "ट्यूबचा गोडवा" वाटतो, कोणाला बेस फुगलेला वाटतो. ज्याचा इम्पीडन्स सपाट आहे त्या स्पीकरला हा त्रास होत नाही. अॅम्पच्या मागचे ४ आणि ८ ओहमचे टॅप (स्पीकर जोडायच्या वेगवेगळ्या जागा) दोन्ही लावून ऐका, वळणावळणाच्या इम्पीडन्सच्या स्पीकरला बऱ्याचदा ४ चा टॅपच छान लागतो. आणि स्पीकर न जोडता ट्यूब अॅम्प कधीही चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

क्लास ए, एबी, डी, यातलं काय? आमच्याकडे एसी नाही.

हे अॅम्पच्या आतल्या मांडणीचे प्रकार आहेत. क्लास ए २५ वॉटचा अॅम्प नुसता चालू ठेवला, गाणं लावलं नाही, तरी दीडशे-दोनशे वॉट खातो आणि ते सगळे उष्णतेत जातात. एप्रिल-मे मधे बंद खोलीत ते नको वाटतं, आवाज कितीही सुंदर असला तरी. एबी हा मधला मार्ग आहे, बहुतेक घरांना हाच बरा.

क्लास डीबद्दल (ट्रान्झिस्टर फार वेगाने चालू-बंद करून चालणारा अॅम्प) जुन्या लोकांच्या मनात अढी आहे, ती आता सोडायला हवी. ब्रुनो पुटझेस या डिझायनरने केलेले एनकोर आणि नंतरचे प्युरिफाय मॉड्यूल घेऊन बनवलेले अॅम्प मी मनापासून सुचवतो, डिस्टॉर्शन अतिशय कमी, अवघड लोडला करंट भरपूर, तापत नाहीत. स्वस्तातल्या काही क्लास डी बोर्डात मात्र स्पीकरच्या इम्पीडन्सप्रमाणे वरचे सूर कमीजास्त होतात, ते बघून घ्या.

डॅम्पिंग फॅक्टर ५०० आहे म्हणे, फरक पडतो?

डॅम्पिंग फॅक्टर म्हणजे स्पीकरचे ८ ओहम भागिले अॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स. ५० च्या पुढे फरक जवळजवळ नाही. २०० म्हणजे अॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स ०.०४ ओहम, पण स्पीकरच्या वायरीचाच त्याहून जास्त होतो आणि आतल्या क्रॉसओव्हरच्या (सूर वूफर आणि ट्वीटरमधे वाटणारं सर्किट) कॉइलचा तर अजून जास्त.

वायर कुठली?

चांगल्या तांब्याची २.५ स्क्वेअर एमएम. चार मीटर लांब ओढली तरी जाऊन-येऊन ०.०६ ओहम होतात, बस झालं. दहा मीटर ओढायची तर ४ स्क्वेअर घ्या. समुद्राजवळ राहत असाल, कळंगुट, मिरामार, कोलवा वगैरे, तर वायरीची उघडी टोकं हिरवी-काळी पडतात, बनाना प्लग लावून घ्या आणि वर्षातून एकदा दिवाळीच्या साफसफाईत टोकं कापून नवीन सोला.

बाय-वायरिंग, बाय-अॅम्पिंग?

बाय-वायरिंगवर (एका अॅम्पपासून वूफर-ट्वीटरला वेगळ्या वायरी) पैसे घालू नका. एकाच जातीचे दोन अॅम्प पडून असतील तर बाय-अॅम्प (वूफर-ट्वीटरला वेगवेगळे अॅम्प) करून बघा, नाहीतर त्याच पैशात एक चांगला अॅम्प येतो. आणि ब्रिज मोडमधे (अॅम्पचे दोन्ही चॅनल मिळून एकच स्पीकर चालवणं) टाकताना दहादा विचार करा, ब्रिज केलेल्या अॅम्पच्या प्रत्येक बाजूला स्पीकरचे ओहम निम्मे दिसतात, ४ चा स्पीकर २ चा झाला.

बाबांनी कुवेतहून / जहाजावरून आणलेला जुना अॅम्प आहे. वापरू का?

वापराच, गोव्यात असे किती जपानी अॅम्प कपाटावर पडलेत, त्यातले काही आजही अस्सल आहेत. पण प्लग लावायच्या आधी मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघा. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. कुवेत, दुबईचा माल या बाबतीत सरळ चालतो. सौदीत पूर्वी १२७ व्होल्ट होता आणि फ्रिक्वेन्सी ६० हर्ट्झ. अमेरिकेतला १२० वर, जपानच्या घरगुती बाजारातला १०० वर. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर चालवला की कोअरमधलं फ्लक्स २० टक्के वाढतं, तो गुणगुणतो आणि तापतो, स्टेपडाउन (व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) लावला तरी हा प्रश्न सुटत नाही. जपानमधे दोन्ही फ्रिक्वेन्सी असल्यामुळे तिकडच्या मालाला ही भीती नाही, फक्त स्टेपडाउन हवा.

चाळीस वर्षं जुना असेल तर मेकॅनिककडून मोठे कपॅसिटर, आउटपुटला येणारा डीसी आणि रिले (स्पीकर जोडणारा-तोडणारा आतला स्विच) तपासून घ्या. आउटपुटला डीसी १०० मिलिव्होल्टच्या वर असेल तर महागडे स्पीकर त्याला जोडू नका. तोवर जुनाट स्पीकरवर चालवा.

जुनं चिऱ्याचं घर, वर कौलं, खाली लाल सिमेंट. कुठली जोडी बसेल?

उंच कौलारू छपराखाली बेस साठत नाही, फटींतून, उघड्या खिडक्यांतून निघून जातो, त्यामुळे गडगडाट कमी, जे फ्लॅटवाल्यांना मिळत नाही ते सुख तुम्हाला आहे. उलट फरशी आणि गिलाव्याच्या भिंती वरचे सूर परत फेकतात. म्हणून अशा घरात वूफर मोठा, सेन्सिटिव्हिटी ९० च्या पुढे आणि वरचा आवाज मऊ असलेला स्पीकर चांगला लागतो. खोली मोठी आणि बसायची जागा लांब असेल तर पॉवर दुप्पट धरा.

पणजी-मडगावच्या फ्लॅटमधे बरोबर उलटं होतं, काँक्रीटची दहा बाय बाराची खोली आणि बेस घुमतो. तिथे छोटे स्टँडमाउंट (स्टँडवर ठेवायचे) स्पीकर आणि करंटवाला अॅम्प. सबवूफर जोडून मेन स्पीकरना ८० हर्ट्झखालचा बेस दिलाच नाही तर अॅम्पवरचा भारही हलका होतो. दोन्हीकडे एक जाड सतरंजी आणि भरलेलं पुस्तकांचं कपाट नवीन अॅम्पपेक्षा जास्त काम करतं, हे आधी करा.

पावसात अॅम्पची काळजी कशी घ्यायची?

ओलाव्याचा शत्रू म्हणजे उष्णता, म्हणून रोज तासभर तरी चालू करा. महिनाभर बंद ठेवलेल्या अॅम्पचे रिले आणि नॉब ऑक्टोबरला खरखरतात, स्विच वीस-पंचवीस वेळा फिरवा, नाही गेलं तर कॉन्टॅक्ट क्लीनर. फोमचे सराउंड (कोनभोवतीची मऊ कडा) आपल्या हवेत लवकर विरतात, जुने स्पीकर घेताना बोटाने हलके दाबून बघा, रबराचे असतील तर उत्तम. मे महिन्याच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात प्लगच काढा, नुसता स्विच बंद करून वीज थांबत नाही, आणि केबल-इंटरनेटची वायर अॅम्पला जोडलेली असेल तर तीही काढा. घरच्या इन्व्हर्टरवर अॅम्प चालवायचा तर प्युअर साइनवेव्हचाच हवा, चौकोनी वेव्हवाल्यावर ट्रान्सफॉर्मर ओरडतो. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, मार्चपासून त्यात पाणी घालत जा.

नॉब आठ-नऊच्या काट्यावरच एवढा मोठा आवाज, आणि रात्री हळू ऐकताना एक बाजू कमी वाटते?

अॅम्पचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) जास्त आणि स्पीकरची सेन्सिटिव्हिटी जास्त, असं झालं की हे होतं. डॅक (डिजिटल गाण्याचं अॅम्पला चालणाऱ्या सिग्नलमधे रूपांतर करणारा डबा) २ व्होल्ट देतो, बॅलन्स्ड (तीन पिनांची जोडणी) असेल तर ४, आणि बऱ्याच अॅम्पना पूर्ण आवाजाला दीड-दोन व्होल्ट पुरतात. नॉबच्या सुरवातीला दोन्ही चॅनल नीट जुळत नाहीत, वर ट्वीटरमधून सस्स आवाज येतो. डॅकचा आउटपुट डिजिटल सेटिंगमधे कमी करा किंवा १० डीबीचे अॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारे जोड) लावा. ९५ डीबीच्या पुढचे स्पीकर घेणाऱ्यांनी अॅम्प घेतानाच ट्वीटरला कान लावून शांततेतला आवाज ऐकावा.

मुंबईला डेमोला चाललोय, काय ऐकू?

तिथे लावतात ते चकचकीत ऑडिओफाइल गाणं ऐकू नका, त्यावर सगळंच छान वाटतं. आपलं संगीत न्या. तानपुरा सगळ्यात कठीण परीक्षा आहे, किशोरीताईंच्या मैफिलीतला तानपुरा मागे अखंड, वेगळा राहतो का की गळ्यात मिसळून जातो ते बघा. बायाँची (तबल्याच्या डग्ग्याची) घिस्स अशी मींड, तिचा शेवट अॅम्पची पकड सांगतो, ढिला अॅम्प तिथे गुरगुरतो. केसरबाईंची जुनी रेकॉर्डिंगं लावा, जोडी जरा जरी कर्कश असेल तर दोन मिनिटांत कान दुखतील. नाट्यगीतातली पायपेटी, भजनातला पखवाज आणि टाळ एकदम, त्यात टाळाने सगळं झाकून टाकलं तर ती जोडी नको. आधी हळू ऐका, मग तुम्ही घरी ऐकता त्याहून थोडं मोठं, आणि शेवटी परत हळू. तुमच्याच मॉडेलचा स्पीकर आणि तुमच्याच मॉडेलचा अॅम्प एकत्र ऐकवत नसतील तर पैसे देऊ नका.

पाच लाख आहेत, कसे वाटू?

निम्म्याहून जास्त स्पीकरला. तीन स्पीकरला, सव्वा ते दीड अॅम्पला, उरलेले डॅक, स्टँड आणि खोलीला. पण स्पीकर ३ ओहमवाला अवघड निघाला तर अॅम्पचे पैसे वाढवावेच लागतात, म्हणून मर्यादित बजेटवाल्याने सोपाच स्पीकर निवडावा.

सगळं घरी आलं, पहिल्यांदा चालू करताना?

अॅम्प बंद असताना वायरी जोडा, एकही तार दुसरीला शिवत नाही ना बघा. लाल-काळं दोन्ही बाजूंना सारखंच. एका बाजूला उलटं झालं तर मधला गायक गायब होतो आणि बेस पातळ होतो. व्हॉल्यूम शून्यावर, आधी डॅक चालू, मग अॅम्प. एक मोनो गाणं लावा, आवाज बरोबर दोघांच्या मधोमध आला पाहिजे. अर्ध्या तासाने अॅम्पच्या वरच्या बाजूला हात लावा, कोमट हवा. हात ठेववत नसेल तर वर निदान चार बोटं जागा सोडा, कपाटात कोंबला असेल तर बाहेर काढा, आणि तरीही तापत असेल तर स्पीकरच्या इम्पीडन्सचा आलेख परत काढून बघा.